ट्रेलर हलवला की लेथ टेपर मारतो: जमिनीकडून वर तपासत जा

आधी लक्षणं.

फिरत्या वर्कशॉपमधला लेथ, म्हणजे जॉब (घडवायचा तुकडा) फिरवून टूलने कातायचं मशीन, कालपर्यंत सरळ जॉब देत होता आणि ट्रेलर नव्या जागी लागल्यावर टेपर मारू लागला. चकमध्ये (जॉब पकडून फिरवणाऱ्या भागात) धरलेल्या बारवर हलका कट मारला तरी चकाजवळचा व्यास वेगळा आणि मोकळ्या टोकाचा वेगळा. तेच टूल, तोच फीड, पण आता चॅटर (कापताना थरथर) येतो. कॅरेज (टूल वाहून नेणारा सरकता भाग) हाताने फिरवली तर ती जिच्यावर सरकते त्या बेडच्या एका भागात जड लागते, दुसऱ्या भागात सैल. सकाळी जमलेलं माप दुपारी हुकतं. आत कुणी चाललं की फिनिशवर बारीक रेघ उमटते. यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसत असतील आणि त्याआधी गाडी हलली असेल, तर लेथ बिघडला असं लगेच धरून चालू नका. बहुतेक वेळा बेडला पीळ बसलेला असतो आणि तो खालून आलेला असतो.

हा दोष मी अनेक ट्रेलरांवर आणि ट्रकांवर काढला आहे. त्यात एक गोष्ट सारखी दिसते. टेपर दिसला की पहिला पाना टेलस्टॉकच्या (जॉबच्या मोकळ्या टोकाला आधार देणाऱ्या भागाच्या) स्क्रूला लागतो. टेलस्टॉक सरकवला की दोन सेंटरमधला (टोकदार आधारांमधला) जॉब सरळ येतो आणि माणूस समाधानाने कामाला लागतो. पण बेडचा पीळ तसाच राहिलेला असतो. पुढच्या मुक्कामी पीळ बदलतो, सरकवलेला टेलस्टॉक मात्र तिथेच असतो, आणि आता दोन चुका एकमेकांत मिसळतात. अशा तीन-चार जागा झाल्या की मशीन मुळात कुठे सरळ होतं हेच कुणाला सांगता येत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे: जमीन, जॅक, चासी, मशीनचे पाय, बेड, आणि सगळ्यात शेवटी टेलस्टॉक.

पीळ का बसतो

कारखान्यात लेथ जाड काँक्रीटवर बसतो. इथे त्याच्याखाली चासी असते. लष्करी ट्रक आणि ट्रेलरची चासी म्हणजे दोन लांब बीम आणि त्यांना जोडणारे आडवे पट्टे. खडबडीत वाटेवर चाकं जमीन सोडू नयेत म्हणून ही रचना थोडी पिळली जाते, आणि चालताना तो तिचा गुणच असतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने जीएमसी सीसीकेडब्ल्यू या अडीच टनी ६×६ ट्रकच्या चासीवर बंद शॉप बॉडी चढवून मशीन शॉप उभी केली. त्या गाड्या आज दुरुस्त करून चालवणाऱ्यांनाही हीच अडचण येते. चाकाखाली लवचीक असणं ज्या चासीचं काम, तिच्याकडून लेथखाली ताठ राहण्याची अपेक्षा ठेवायची, हा यातला मूळ पेच.

किती पिळाने किती फरक पडतो, हे एकदा आकड्यांत पाहा. समजा बेडपासून सेंटरची उंची १७० मि.मी. आहे. कॅरेज ज्या दोन ठिकाणी उभी राहते त्या दोन ठिकाणच्या आडव्या कलात दर मीटरला ०.१ मि.मी. एवढाच फरक आहे. तरी टूलचं टोक ०.०१७ मि.मी. सरकतं आणि व्यासात ०.०३४ मि.मी.चा फरक पडतो. बेअरिंग बसवायच्या शाफ्टसाठी एवढा फरक पुरेसा वाईट आहे. डोळ्याला तो दिसणार नाही, बॉडीच्या भिंतीवर लावलेल्या साध्या लेव्हललाही दिसणार नाही.

आणखी एक मुद्दा इथेच सांगतो. लेथ अगदी समतल असण्याची गरज नाही. जहाजावरचा लेथ सतत डोलतो, तरी सरळ जॉब देतो. गरज आहे ती बेडच्या दोन्ही टोकांना आडवा कल एकसारखा असण्याची. पाणसळ हे फक्त ते तपासायचं साधन आहे. हे लक्षात घेतलं तर बुडबुडा बरोबर मधोमध आणण्यात वेळ जात नाही.

पहिली तपासणी: जमीन

याला खर्च काहीच नाही आणि निम्म्याहून अधिक वेळा दोष इथेच सापडतो. गाडीभोवती एक फेरी मारा आणि प्रत्येक जॅकचा पाय नीट पाहा. एक पाय डांबरावर आणि दुसरा भरावाच्या मातीवर असेल, तर मातीवरचा पाय रात्रीतून बसणारच. पायाखालची प्लेट एका बाजूने मातीत रुतली असेल, तर तिथे भार तिरका जातोय. पावसानंतर जमीन पुन्हा बघा.

उपाय साधा आहे. मऊ जमिनीवर पायाखाली जाड लाकडी फळ्यांचे दोन थर आडवे-उभे घाला आणि त्यांवर लोखंडी प्लेट ठेवा. नुसती प्लेट पुरत नाही. लहान क्षेत्रावर भार आला की ती मातीत कापत जाते. फळ्या घातल्यावर गाडीचा भार द्या आणि अर्धा-पाऊण तास थांबा. जमीन बसायची तेवढी बसू द्या, मग पुढचं काम. घाईत हा वेळ कुणी देत नाही आणि मग दिवसभर माप पळत राहतं.

दुसरी: जॅक आणि चाकं

जॅक लावण्याआधी चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (चाक घरंगळू नये म्हणून पाचर) लावा आणि पार्किंग ब्रेक ओढा. ट्रेलर असेल तर ओढणाऱ्या गाडीपासून तो पूर्ण सोडवा. ड्रॉबार (ट्रेलर ओढायचा दांडा) हुकात अडकलेला राहिला, तर पुढची गाडी जरा तिरकी उभी असली तरी ती चासीचं तोंड एका बाजूला पिळत राहते. ट्रकवरचं वर्कशॉप असेल तर इंजिन बंद ठेवा. एअर सस्पेन्शन असेल तर निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे हवा सोडा, नाहीतर हवा गळत जाईल तशी गाडी काम चालू असताना खाली येत राहील.

चार जॅक म्हणजे चार पायांचं टेबल: तीन पाय भार घेतात, चौथा नुसता टेकलेला असतो. वरून बघून हे कळत नाही. प्रत्येक पायाखालच्या फळीवर लहान हातोडीने ठोका मारा. भार असलेली फळी बद्द आवाज देते, मोकळी फळी खणखणते आणि हाताला किंचित उडते. मोकळा पाय सापडला की जॅक थोडा चढवा आणि चारही फळ्यांवर पुन्हा ठोका मारा, कारण एक पाय चढवला की शेजारच्या कोपऱ्यांतले हलके होतात. एका टोकाचे दोन्ही जॅक आधी उचलून मग दुसऱ्या टोकाकडे जाऊ नका. समोरासमोरच्या कोपऱ्यांतले थोडे थोडे, आळीपाळीने चढवा.

स्प्रिंगांवरचा बराचसा भार जॅकवर यायला हवा, नाहीतर लेथ चालू असताना गाडी स्प्रिंगवर झुलते आणि चॅटर येतो. पण चाकं जमिनीवरून पूर्ण उचलायची की नाही, हे त्या गाडीच्या पुस्तिकेवर सोडा. काही जॅक फक्त गाडी स्थिर ठेवायला असतात, सगळं वजन पेलायला नसतात. आणि जॅकवर उभ्या गाडीखाली अंग घालून काही बघायला जाऊ नका. हात घालावाच लागणार असेल तर आधी मजबूत स्टँड लावा.

बॉडीच्या बाजू उघडून पसरवायच्या असतील, तर त्या उघडल्यावर आणि त्यांचे आधार लागल्यावरच जॅक पक्के करा. बाजू उघडली की वजन सरकतं. गाडीवर क्रेन असेल आणि तिने इंजिन किंवा गिअरबॉक्स उचलला असेल, तर उचल संपल्यावर चारही फळ्यांवर पुन्हा ठोका मारा.

तिसरी: प्रवासासाठी बांधलेलं काही राहिलंय का

दोन मिनिटांचं काम. चकाखाली प्रवासात लाकडी ठोकळा घातलेला असतो, तो काढलाय का? कॅरेज आणि टेलस्टॉकचे क्लॅम्प सोडलेत का? मशीन रबरी माउंटवर असेल, तर प्रवासात माउंट जाम करणारे बोल्ट सुटलेत का? एखादं कपाट किंवा व्हाइसचं बाक सरकून बेडच्या टोकाला टेकलंय का? हे शेवटचं कुणाला सुचत नाही, पण भरलेलं हत्यारांचं कपाट बेडला एका बाजूने रेटायला पुरेसं असतं.

चौथी: मशीनचे पाय आणि शिम

रस्त्यावरच्या हादऱ्यांनी बोल्ट सैल होतात आणि शिम (पायाखालच्या पातळ पट्ट्या) सरकतात. प्रत्येक पायाच्या बोल्टवर पाना लावून बघा. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून पायावर एक सरळ रंगाची रेघ मारून ठेवा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय हे पाना न लावताही समजतं.

आता खरी तपासणी. डायल गेजचा स्टँड मशीनच्या पायाशेजारी सबफ्रेमवर (मशीनखालच्या चौकटीवर) ठेवा, टोक पायावर टेकवा आणि त्याच पायाचा बोल्ट हळूहळू सैल करा. काटा जवळजवळ हलला नाही तर पाय नीट बसलेला आहे. काटा ०.०५ मि.मी.पेक्षा जास्त उसळला, तर तो पाय खाली टेकतच नव्हता. बोल्टने ओढून टेकवला होता. तेवढ्या जाडीची शिम घाला. बोल्ट पुन्हा आवळा आणि मग पुढचा पाय. एका वेळी एकच बोल्ट सैल करायचा. सगळे एकदम सोडले तर आधीची बैठक हातची जाईल.

शिमबद्दल माझं ठाम मत आहे. शिम एकदाच लावायच्या: गाडी कठीण, सपाट काँक्रीटवर उभी करून, सगळे जॅक नीट बसवून, बेड सरळ करून. त्यानंतर जागा बदलली की फरक जॅकने काढायचा, शिमला हात लावायचा नाही. दर मुक्कामी शिम बदलणारा माणूस त्या जागेच्या मातीचा दोष मशीनमध्ये कायमचा भरत असतो. काँक्रीटवर मिळालेलं रीडिंग दाराच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा: कुठल्या टोकाला बुडबुडा किती घरं, कुठल्या बाजूला. नव्या जागी तेच रीडिंग परत आणायचं, एवढंच काम उरतं.

पाचवी: बेडवर लेव्हल

यासाठी दर मीटरला ०.०२ मि.मी. दाखवणारी मशीन लेव्हल लागते. गवंडी किंवा सुताराची पाणसळ इथे चालणार नाही. बेड रॉकेलने पुसा आणि बोटाने फिरवून बघा, कारण एक बारीक चिप खाली राहिली तरी सगळं रीडिंग खोटं. लेव्हल क्रॉस स्लाइडवर (कॅरेजवरच्या आडव्या सरकत्या भागावर) आडवी ठेवा. कॅरेज हेडस्टॉकजवळ (चकाकडच्या टोकाला) नेऊन वाचा, मग टेलस्टॉककडच्या टोकाला नेऊन वाचा. दोन्ही ठिकाणी बुडबुडा एकाच घरावर असला की पीळ नाही. तो घरांच्या मधोमध असलाच पाहिजे असं नाही.

प्रत्येक वेळी बुडबुडा पूर्ण थांबेपर्यंत थांबा आणि लेव्हलला हाताची ऊब लागू देऊ नका. लेव्हल खरी आहे का, हे तिची दोन टोकं अदलाबदल करून ठेवून एकदा तपासा. उन्हाचंही भान ठेवा. बॉडीच्या एका बाजूला ऊन लागलं की ती बाजू तापून लांब होते आणि चासी वाकते. शक्य असेल तर सकाळी गार असताना रीडिंग घ्या आणि उन्हाच्या बाजूला ताडपत्री लावा.

याच वेळी एक सोपी चाचणी करता येते. लेव्हल तशीच ठेवा आणि एकाला गाडीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश चालायला सांगा. बुडबुडा हलेल, त्यात वावगं काही नाही. पण तो माणूस खाली उतरल्यावर बुडबुडा आधीच्या जागी परत आला नाही, तर कुठला तरी पाय अजून नीट बसलेला नाही. पुन्हा दुसऱ्या तपासणीकडे जा.

सहावी: दोन कॉलरची चाचणी

मशीन लेव्हल नसेल तरी हे करा, असेल तरी करा. शेवटी निकाल जॉबच देतो.

निदान २५ मि.मी. व्यासाचा बार चकमध्ये घट्ट धरा, १०० ते १५० मि.मी. बाहेर ठेवा, टेलस्टॉकचा आधार देऊ नका. मधला भाग थोडा बारीक करून दोन टोकांना दोन रुंद कॉलर (जाड पट्टे) ठेवा. धारदार टूलने, क्रॉस स्लाइड न हलवता, दोन्ही कॉलरवर एकच अगदी हलका कट मारा. हलका अशासाठी, की जड कटाखाली बार स्वतःच वाकतो आणि मोकळ्या टोकाचा व्यास मोठा येतो. तो टेपर बाराचा असतो, बेडचा नसतो. मग मायक्रोमीटर.

मोकळ्या टोकाची कॉलर मोठी आली, तर टूल तिथे जॉबपासून दूर गेलंय. म्हणजे टेलस्टॉककडच्या टोकाला बेडची कारागिराकडची बाजू खाली बसली आहे, ती थोडी उचला. मोकळ्या टोकाची कॉलर लहान आली, तर उलट: तिथली मागची बाजू उचला. हेडस्टॉककडच्या पायांना हात लावू नका. मोटर, गिअर आणि स्पिंडलचं (चक फिरवणाऱ्या दांड्याचं) वजन तिकडे असल्याने तीच बाजू पक्की धरून दुसरी जुळवायची असते. उचलणी आधी गाडीच्या त्या कोपऱ्यातल्या जॅकने, अगदी थोडी. मग पुन्हा हलका कट, पुन्हा माप.

फरक किती चालतो, हे काम पाहून ठरवा. अशा वर्कशॉपमध्ये बुश, पिन, स्टड हीच कामं जास्त असतात. ३०० मि.मी. लांबीत ०.०५ मि.मी. टेपर असेल, तर ३० मि.मी. लांबीच्या बुशवर तो ०.००५ मि.मी. होतो. गाडी खोळंबली असेल तर तो बुश करून द्या आणि लांब शाफ्टचं काम बेड सरळ होईपर्यंत थांबवा.

सातवी: आता टेलस्टॉक

दोन कॉलर सारख्या आल्या, तरी दोन सेंटरमध्ये धरलेला जॉब टेपर येतोय, तरच टेलस्टॉक सरकलेला आहे. टेस्ट बार दोन सेंटरमध्ये धरा, डायल गेज टूल पोस्टवर लावा, बाराच्या बाजूने कॅरेज फिरवा आणि दोन्ही टोकांना काटा सारखा येईपर्यंत स्क्रूने जुळवा. टेलस्टॉकच्या तळाखाली चिप अडकलेली नाही ना, हे आधी बघा.

कॅरेज चकाजवळ सैल आणि टोकाकडे जड लागत असेल, तर बेड चकाजवळ झिजलेला आहे, कारण बहुतेक काम तिथेच होतं. गिब (कॅरेजचा सैलपणा काढणारी पट्टी) आवळून चकाजवळ बरं वाटेल, पण टोकाला कॅरेज अडकेल. गिब मधल्या अंतरावर ठेवा. झीज गिबने भरून निघत नाही.

वीज जोडताना

टेपरशी याचा थेट संबंध नाही, पण नव्या जागी हमखास होणारी आणि धोक्याची गोष्ट आहे. थ्री-फेज सप्लाय दुसऱ्या जनरेटरवरून किंवा बाहेरच्या पॅनलवरून घेतला की फेजचा क्रम उलटा लागू शकतो आणि स्पिंडल उलटा फिरतो. आटे असलेल्या स्पिंडलवरचा चक उलट्या फिरण्यात सुटून बाहेर येऊ शकतो. म्हणून पहिल्यांदा चालू करताना मशीनला क्षणभरच करंट द्या, बाजूला उभं राहून दिशा बघा, मग जॉब धरा. केबल बारीक आणि लांब असेल तर व्होल्टेज पडतं, मोटर गुरगुरते आणि कटाखाली दबते. तो चॅटर बेडमध्ये शोधत बसू नका. अर्थिंगचा रॉड जमिनीत नीट ठोकल्याशिवाय मशीन चालू करू नका.

कुठे थांबायचं

बॉडीला किंवा मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर लगेच वीज बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. स्वतः अर्थिंग शोधत फिरू नका.

सबफ्रेमच्या वेल्डिंगला तडा दिसला, चासीचा बीम वाकलेला दिसला किंवा हायड्रॉलिक जॅक भार दिल्यावर स्वतःहून खाली सरकू लागला, तर लेथ चालवू नका आणि गाडीही हलवू नका. तडा वरवर वेल्ड मारून झाकणं तर मुळीच नको. चासीवर कुठे वेल्ड मारायचा आणि कुठे नाही, हे त्या कामाचा जाणकारच ठरवू शकतो.

हेडस्टॉकचे बोल्ट सैल करून त्याची दिशा जुळवणं, स्पिंडल बेअरिंगचं प्रीलोड बदलणं आणि झिजलेला बेड स्क्रेप करणं ही तीन कामं मशीन टूल फिटरची आहेत. गाडी काँक्रीटवर आहे, चारही पाय भारावर आहेत, बोल्ट पक्के आहेत, लेव्हल दोन्ही टोकांना एकच दाखवते आणि तरीही दोन कॉलरमध्ये दर वेळी तेवढाच फरक येतो, तर दोष हेडस्टॉकमध्ये असण्याची शक्यता आहे. तिथे पाना ठेवून द्या. गाडी अजून सेवेत असेल तर वापरणाऱ्या तुकडीच्या अधिकारातली दुरुस्ती कुठे संपते, हे पुस्तिकेत लिहिलेलं असतं. त्यापलीकडचं काम वरच्या वर्कशॉपकडे पाठवा आणि सोबत दोन कॉलरची मापं, दोन्ही टोकांची लेव्हल रीडिंग आणि गाडी कशा जमिनीवर उभी होती हे लिहून द्या. येणाऱ्या फिटरला पहिल्या सहा तपासण्या पुन्हा कराव्या लागणार नाहीत.